‘गिव्ह अप्’ : एका इंग्रजी क्रियापदाचे कुळ आणि सुर्जी-अंजनगावचा तह

इंग्रजी शिकू लागलेल्या मुलाची त्या भाषेशी पहिली खरी झटापट मोठमोठ्या शब्दांवरून होत नाही. ती होते अगदी लहान शब्दांवरून. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, हे त्यास पहिल्याच महिन्यात पाठ झालेले असते. ‘अप्’ म्हणजे वर, हेही तो जाणतो. परंतु हे दोन शब्द शेजारी शेजारी आले आणि त्याने मोठ्या विश्वासाने ‘वर देणे’ असे भाषांतर केले, की वर्गात हशा पिकतो. गुरुजी सांगतात, ‘सोडून देणे’. मुलगा तसे लिहून घेतो, घोकतो आणि परीक्षेत उत्तीर्णही होतो. पण ‘देणे’ आणि ‘वर’ ह्या दोहोंच्या मिलाफातून ‘सोडणे’ कोठून निपजले, हा त्याच्या मनातील प्रश्न बहुधा तसाच राहून जातो.

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधावयास निघाले असता वाट एका बाजूस इंग्लंडातील सुमारे नऊशे वर्षांपूर्वीच्या एका मठापर्यंत जाते. दुसऱ्या बाजूस तीच वाट वऱ्हाडात, शहानूर नदीच्या काठच्या अंजनगाव सुर्जी ह्या जोडगावापर्यंत येऊन पोचते. पानमळ्यांचे आणि देवनाथ महाराजांच्या मठाचे हे गाव हिंदुस्थानच्या इतिहासात एका तहामुळे अमर झाले आहे. ३० डिसेंबर १८०३ रोजी येथील इंग्रजी छावणीत दौलतराव शिंद्यांच्या वकिलांनी त्या तहावर शिक्के केले आणि उत्तर हिंदुस्थानची सत्ता त्यांच्या हातून गेली. कोणी काय सोडून दिले, आणि सोडून दिले म्हणजे नेमके काय केले, हा प्रश्न त्या दिवशी व्याकरणाचा राहिला नाही. तो राज्याचा झाला. म्हणून ह्या क्रियापदाचे कुळ पाहावयाचे तर आधी इंग्लंडातील मठात जावे आणि मग वऱ्हाडात परत यावे, हे बरे.

प्रथम ह्या शब्दाची ठेवण कशी आहे ती पाहू. इंग्रजीत अशी जोडक्रियापदे शेकड्यांनी आहेत. रोजच्या वापरातले एखादे साधे क्रियापद घ्यावयाचे आणि त्याच्या मागून ‘अप्’, ‘आउट्’, ‘इन्’, ‘ऑफ्’, ‘अवे’ असे एखादे चिमुकले अव्यय लावावयाचे, की अर्थ पालटून जातो. एकट्या ‘गिव्ह’ची संतती पाहावी. ‘गिव्ह इन्’ म्हणजे नमते घेणे. ‘गिव्ह अवे’ म्हणजे देऊन टाकणे, किंवा गुपित फोडणे. ‘गिव्ह आउट्’ म्हणजे वाटणे, जाहीर करणे, आणि कधी संपून जाणे. ‘गिव्ह अप्’चा संसार तर ह्या सर्वांहून मोठा. किल्लेदार किल्ला ‘गिव्ह अप्’ करतो, अधिकारी आपले पद, तंबाखूचा व्यसनी आपली तंबाखू, आणि वैद्य रोग्याची आशा. इ. स. १६११ मध्ये छापल्या गेलेल्या इंग्रजी बायबलात मरणारा मनुष्य आपला प्राणही ह्याच क्रियापदाने सोडतो. कर्म जाऊन नुसते क्रियापद उरले, म्हणजे ‘हात टेकले’ असा अर्थ होतो.

मराठी मनुष्यास ही रीत परकी वाटू नये. संस्कृतात ‘हृ’ हा एकच धातू. परंतु प्रहार, आहार, विहार, संहार, परिहार ही त्याची रूपे एकमेकांपासून किती दूर गेली आहेत! त्याहून मौजेचा दाखला खुद्द देण्याच्याच धातूचा आहे. ‘दा’ म्हणजे देणे, आणि त्यापूर्वी ‘आ’ लागला की ‘आदान’ म्हणजे घेणे. एका अक्षराने देणारा घेणारा होतो. वेदांच्या भाषेत हे उपसर्ग क्रियापदाला चिकटलेले नसत. ते सुटे राहात आणि वाक्यात दूरही जाऊन बसत. पुढे संस्कृतात ते धातूला कायमचे जखडले गेले. इंग्रजीत मात्र प्रवास नेमका उलट दिशेने झाला.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे इसवी सनाच्या अकराव्या शतकापूर्वीच्या भाषेत, उपसर्ग पुढेच लागत असत. सोडून देणे, त्यागणे ह्या अर्थी तेव्हा देण्याच्या धातूला ‘ऑफ्’ हा उपसर्ग आधी जोडून एकच अखंड शब्द करीत. वीरकाव्यात एखादा राजा मरतो तेव्हा तो मनुष्यलोकीचा आनंद अशाच शब्दाने सोडतो. पुढे ह्या उपसर्गांचा जोर ओसरला. बोलण्यात ते पुसट झाले आणि त्यांचे काम क्रियापदाच्या मागून येणाऱ्या सुट्या अव्ययांनी उचलले. जुना ‘ऑफ्’वाला शब्द लोपला आणि त्याच्या जागी ‘गिव्ह अप्’ आला.

ह्या बदलात आणखी एका भाषेचा हात होता. नवव्या शतकापासून डेन्मार्क व नॉर्वे येथील लोक इंग्लंडच्या पूर्व आणि उत्तर भागात येऊन वसले. त्यांच्या नॉर्स भाषेत देण्याच्या क्रियापदामागून ‘अप्’चा भाऊबंद लावण्याची रीत होतीच. किंबहुना आजच्या ‘गिव्ह’ ह्या शब्दातील पहिला ‘ग’ हाही त्याच पाहुण्यांचा. खुद्द दक्षिण इंग्लंडातील जुन्या उच्चारात तेथे ‘य’ ऐकू येत असे. आलेल्या लोकांच्या जिभेने ‘य’चा ‘ग’ केला, आणि तोच पुढे घराघरांत रुळला. ‘देणे’ हा कोणत्याही भाषेतील अगदी घरचा शब्द. तोदेखील शेजाऱ्याच्या उच्चाराने बदलावा, ह्यावरून त्या दोन समाजांची सरमिसळ किती खोल झाली होती, हे कळून येते.

आता त्या मठाची गोष्ट. इंग्लंडच्या पूर्व भागात पीटरबरो नावाचे गाव आहे. तेथील मठात भिक्षू दरवर्षीच्या घडामोडींची बखर लिहून ठेवीत. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबारी व धर्मकार्यातील लेखनातून इंग्रजी भाषा हद्दपार झाली. लॅटिन आणि फ्रेंच ह्यांचा अंमल सुरू झाला आणि ठिकठिकाणच्या इंग्रजी बखरी एकामागून एक बंद पडल्या. पीटरबरोच्या भिक्षूंनी मात्र इ. स. ११५४ पर्यंतचा वृत्तांत आपल्या भाषेत लिहिला. त्यातील अखेरचा भाग एका अनाम लेखकाने लिहिलेला असून तो ११३२ ह्या वर्षापासून सुरू होतो; आणि त्या वर्षाच्या नोंदीतच ‘गिव्ह अप्’ हे क्रियापद आपल्या आजच्या अर्थाने भेटते.

प्रसंग असा. राजा पहिला हेन्री ह्याचा एक नातलग, त्याचेही नाव हेन्रीच, फ्रान्समधील एका मठाचा महंत होता. इ. स. ११२७ मध्ये त्याने राजाकडून पीटरबरोची महंतीही पदरात पाडून घेतली. दोन मठांचे उत्पन्न एकट्याने खाणारा हा महंत तेथील भिक्षूंना मुळीच रुचला नाही. पुढे त्याने पीटरबरोचा मठ फ्रान्समधील क्लुनी येथील बलाढ्य मठाच्या अंकित करण्याचा घाट घातला. तेव्हा राजाच्या ध्यानात कावा आला. राजाने त्यास बोलावून घेतले, महंती ‘गिव्ह अप्’ करावयास लावली आणि देशाबाहेर घालवून दिले. बखरकाराच्या वाक्याची रचना पाहण्याजोगी आहे. राजाने महंती काढून घेतली, असे तो म्हणत नाही. राजाने त्याच्याकडून महंती ‘देवविली’, असे तो म्हणतो. घेणारा राजा, पण देण्याची क्रिया महंताच्या नावावर मांडलेली!

हे क्रियापद अशा रीतीने आपल्या सर्वांत जुन्या दाखल्यांपैकी एकातच स्वखुशीने काही देत नाही. ते देते, कारण द्यावे लागते. मग त्यातला ‘अप्’ काय करतो? ‘अप्’चा मूळ अर्थ दिशेचा. भांड्यात पाणी ओतले म्हणजे ते वर चढते आणि काठापाशी आले म्हणजे भांडे भरले. त्यावरून ‘वर’ ह्या शब्दाला ‘पुरते’, ‘शेवटपर्यंत’ असा अर्थ आला. म्हणून इंग्रजीत खाण्यामागून ‘अप्’ लावला म्हणजे ‘खाऊन टाकणे’, वापरण्यामागून लावला म्हणजे ‘संपवून टाकणे’, जळण्यामागून लावला म्हणजे ‘जळून खाक होणे’. त्याच न्यायाने देण्यामागून ‘अप्’ आला म्हणजे मागे काही न ठेवता देणे, देऊन मोकळे होणे. ह्याखेरीज ‘वर’ ह्या दिशेत अधिकाराचाही वास आहे. मराठीतही अर्ज ‘वर’ जातो, हुकूम ‘वरून’ येतो. स्वाधीन करणे ह्या अर्थाची इंग्रजीतील दुसरी क्रियापदे, जसे ‘डिलिव्हर’ किंवा ‘यील्ड’, तीही ‘अप्’ला सोबत घेतात. तेव्हा खालचा वरच्याच्या हाती पुरतेपणी देतो, हे चित्र ह्या दोन अक्षरांत सहज सामावते. वर्गातील मुलाचे ‘वर देणे’ हे भाषांतर चुकीचे खरे. पण ते सर्वस्वी वेडगळ मात्र नव्हे.

नॉर्मन अंमलाने इंग्रजीत आणखी एक गोष्ट केली. एकाच कृतीला तिने दोन पोशाख दिले. एक घरचा आणि एक दरबारचा. शेतकरी, शिपाई ‘गिव्ह अप्’ म्हणत राहिले. वकील, धर्माधिकारी आणि मुत्सद्दी मात्र फ्रेंच-लॅटिन शब्द वापरू लागले. ‘सरेंडर’ ह्या शब्दाच्या पोटात ‘परत देणे’ आहे. ‘रिझाइन’ ह्याचे मूळ लॅटिनमध्ये शिक्का उतरविणे, रद्द करणे असे आहे. ‘रिनाउन्स’ म्हणजे जाहीरपणे नाकारणे. ‘सीड्’ म्हणजे मुळात चालते होणे, बाजूस सरणे. बोलण्यात घरचा शब्द आणि करारपत्रात दरबारी शब्द, अशी ही वाटणी आजतागायत चालत आली आहे. सुर्जी-अंजनगावास जो कागद लिहिला गेला त्यात हे दरबारी शब्द होते. अर्थ मात्र त्या ११३२ मधील महंताच्याच जातीचा.

त्या कागदाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीराव पेशव्याने वसई येथे इंग्रजांशी तह करून कंपनीचे सैन्य पदरी घेतले. शिंदे आणि नागपूरकर भोसले ह्यांना तो मानवला नाही, आणि ऑगस्ट १८०३ मध्ये युद्धास तोंड लागले. १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भडोच. २३ सप्टेंबर रोजी असई येथे मेजर जनरल आर्थर वेलस्ली ह्याने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. उत्तरेत जनरल लेक ह्याने अलीगड, दिल्ली, आग्रा अशी ठाणी घेत १ नोव्हेंबरला लासवारीची लढाई जिंकली. वऱ्हाडात २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे शेवटची मोठी लढाई झाली, आणि १५ डिसेंबरला मेळघाटातील गाविलगडचा किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता कामास आला. त्याने किल्ला ‘दिला’ नाही. तो त्याच्याकडून घेतला गेला. हा भेद पुढील सर्व कागदांच्या पार्श्वभूमीवर ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

गाविलगड पडल्यावर दोनच दिवसांनी, १७ डिसेंबर रोजी, देवगाव येथे रघूजी भोसल्यांचा तह झाला. त्यांनी कटक प्रांत कंपनीस दिला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरील आपला हक्क सोडला. तोपर्यंत वऱ्हाडात निजाम आणि भोसले ह्या दोघांचा वसूल चाले. लोक तिला दुअमली म्हणत. ती संपून वऱ्हाड एकट्या निजामाकडे गेले. पुढे तेरा दिवसांनी शिंद्यांचा तह झाला. शिंद्यांच्या बाजूने विठ्ठल महादेव, मुन्शी कमलनयन, यशवंतराव घोरपडे आणि नारो हरी हे बोलणी करीत होते. समोर चौतीस वर्षांचा वेलस्ली होता. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन ह्या नावाने नेपोलियनचा प्रतिस्पर्धी म्हणून जगास ठाऊक झाला. ज्यांच्या नावाने तह होत होता ते दौलतराव शिंदे तेव्हा अवघे चोवीस वर्षांचे होते.

ह्या तहाने दौलतरावांनी गंगा-यमुनांमधील दुआब सोडला. जयपूर, जोधपूर आणि गोहद ह्यांच्या उत्तरेकडील मुलूख सोडला. भडोच आणि अहमदनगर हे किल्ले आपल्या मुलखासह सोडले. अजिंठ्याच्या डोंगरापासून गोदावरीपर्यंतचा प्रदेश सोडला. निजाम, पेशवे आणि गायकवाड ह्यांच्यावरील हक्क आणि दिल्लीच्या बादशहाच्या कारभारात लक्ष घालण्याचा अधिकार, हेही सोडले. त्यांना परत मिळाले ते असीरगड, बुऱ्हाणपूर, पावागड आणि दोहद. दक्षिणेत चांभारगोंदे परगणा, जामगाव वगैरे घराण्याची जुनी वतनी ठिकाणेही त्यांच्याकडे राहिली. महादजी शिंद्यांनी एका आयुष्यात जे मिळविले होते, ते एका कागदाने गेले. आणि त्या कागदात प्रत्येक ठिकाणी कर्ता शिंदे, कंपनी नव्हे. महाराज देतात, महाराज हक्क सांगत नाहीत, महाराज मान्य करतात, अशी त्याची चाल. पराभूताने स्वतःच्या तोंडाने दिल्याचे वदवून घ्यावे, ही विजेत्यांची रीत फार पुरातन आहे. कारण बळजबरीने घेतलेल्या वस्तूवर उद्या कोणी हक्क सांगू शकतो. दिलेल्या वस्तूवर सांगता येत नाही.

परंतु शब्दांच्या ह्या व्यवहारात खाचखळगेही असतात, हे लवकरच दिसून आले. शिंद्यांच्या ताब्यातील ज्या सरदारांशी व संस्थानिकांशी इंग्रजांनी युद्धकाळात करार केले होते, ते शिंद्यांनी मान्य करावेत, असे एक कलम तहात होते. पण ती नावे नंतर कळविली जावयाची होती. गोहदच्या राण्याशी इंग्रजांनी करार केला असून ग्वाल्हेरचा किल्ला त्यात येतो, असा गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली ह्याचा पक्ष होता. शिंद्यांनी ग्वाल्हेर कधीच सोडले नाही, असे शिंद्यांच्या मुत्सद्द्यांचे म्हणणे. १८०४ च्या आरंभी इंग्रजांनी तो किल्ला ताब्यातही घेतला. विशेष हे की, ज्याने तह केला तो आर्थर वेलस्ली आपल्या सख्ख्या थोरल्या भावाच्या ह्या अर्थावर संतुष्ट नव्हता. आपल्या वचनावरील विश्वास टिकावा म्हणून दहा वेळा ग्वाल्हेर गमावावे लागले तरी ते पत्करावे, अशा आशयाचे पत्र त्याने जॉन माल्कम ह्यास लिहिले.

पुढे लॉर्ड वेलस्ली परत गेला आणि इंग्रजांचे धोरण मवाळ झाले. नोव्हेंबर १८०५ मध्ये माल्कम आणि तेच मुन्शी कमलनयन ह्यांनी नवा तह ठरविला. ग्वाल्हेर आणि गोहद शिंद्यांना परत मिळाले. मात्र कंपनीने शब्द कसे वापरले ते पाहावे. सुर्जी-अंजनगावच्या तहान्वये शिंद्यांचा ग्वाल्हेरवर काही हक्क आहे, हे कंपनी कदापि मान्य करणार नाही. तथापि केवळ स्नेहास्तव ती ते शिंद्यांस देत आहे, असा त्या कलमाचा भाव आहे. शिंद्यांना १८०३ मध्ये ‘दिले’ म्हणावे लागले, कारण ते हरले होते. कंपनीने १८०५ मध्ये ‘दिले’ म्हटले ते हक्क सोडल्याचे नाव न घेता, औदार्याच्या पोशाखात. दोन्हीकडे क्रियापद देण्याचेच. पण एकाच्या देण्यात सक्ती दडलेली आणि दुसऱ्याच्या देण्यात माघार.

वऱ्हाडची कहाणी इतक्यावर संपली नाही. भोसल्यांनी सोडलेले हे वऱ्हाड निजामाकडे गेले खरे. पण हैदराबादेतील कंपनीच्या पद्धतीच्या फौजेचा, म्हणजे काँटिंजंटचा, खर्च थकत गेला आणि कर्ज वाढत गेले. लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत, १८५३ च्या मे महिन्यात, निजाम नासिरुद्दौला ह्यास तहावर सही करावी लागली. वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे मुलूख त्या खर्चासाठी कंपनीच्या हवाली झाले. येथेही एका शब्दावर सारे अडले होते. निजाम मुलूख ‘सीड्’ करावयास, म्हणजे कायमचा सोडावयास, तयार नव्हता. म्हणून तहात ‘असाइन’ हा शब्द आला, त्याचा अर्थ हवाली करणे, नेमून देणे. मुलूख इंग्रजांनी चालवावा, धनीपण निजामाचे राहावे. त्याच शब्दावरून अर्धशतकभर वऱ्हाडचे सरकारी नाव ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असे होते. अंजनगावच्या शेतकऱ्याचा सारा इंग्रज तहसीलदाराकडे जाई. पण कागदावर तो निजामाच्या मुलखात राहात होता.

ह्या एका शब्दाच्या आधारे हैदराबादने पुढे दीर्घकाळ वऱ्हाड परत मागितले. १८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर दुआब परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही. दिवाण सर सालारजंग ह्यांनी आपली उमेदीची वर्षे ह्या मागणीत घालविली. अखेर १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन ह्याने निजाम महबूब अली खान ह्यांच्याकडून वऱ्हाड सालिना २५ लाख रुपयांच्या कायमच्या पट्ट्याने घेतले, आणि १९०३ मध्ये ते मध्यप्रांतास जोडले. पट्ट्यात निजामाचे धनीपण पुन्हा मान्य केलेले होते. १९२६ च्या मार्चमध्ये लॉर्ड रीडिंग ह्याने निजाम उस्मान अली खान ह्यांची वऱ्हाड परत करण्याची मागणी साफ फेटाळली आणि ब्रिटिश सार्वभौम सत्तेपुढे कोणाही संस्थानिकास बरोबरीच्या नात्याने बोलता येणार नाही, असे बजावले. १९३६ च्या करारात मात्र निजामाच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. मुलूख परत आला नाही. नाव परत आले. पुढे १९५६ मध्ये वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. दीडशे वर्षांच्या ह्या काळात येथील रयतेला कोणी विचारले नाही; तिच्या भूमीविषयी ‘दिली’, ‘सोडली’, ‘हवाली केली’, ‘पट्ट्याने दिली’ अशी क्रियापदे मात्र पालटत राहिली.

आता मराठीकडे वळावे. इंग्रजीत जे काम ‘अप्’ करतो, ते मराठीत दुसरे क्रियापद करते. ‘सोडणे’ ह्यामागून ‘देणे’ लावले म्हणजे ‘सोडून देणे’. ‘टाकणे’ लावले म्हणजे ‘सोडून टाकणे’. ‘बसणे’ लावले म्हणजे ‘सोडून बसणे’. इंग्रजी ‘गिव्ह अप्’ ह्या तिघांनाही एकच माप लावते. मराठी मात्र कर्त्याच्या मनात डोकावते. ज्याने नोकरी सोडून दिली, त्याने विचाराने सोडली. ज्याने सोडून टाकली, त्याने कंटाळून सोडली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. जो सोडून बसला, त्याने चूक केली आणि आता तो पस्तावत आहे, हे सांगावयासही नको. ‘राज्य देऊन टाकले’ आणि ‘राज्य गमावून बसला’ ह्यांतील अंतर मराठी मुलास कोणी शिकवावे लागत नाही. इंग्रजी शिकताना तो ‘अप्’ला अडखळतो, परंतु त्या ‘अप्’हून सूक्ष्म हत्यार त्याच्या मातृभाषेने त्यास आधीच दिलेले असते.

तरीही मराठीने एका ठिकाणी इंग्रजी दरबाराइतकाच बेमालूम पोशाख शिवला आहे. तो शब्द म्हणजे ‘राजीनामा’. फारसीतून आलेल्या ह्या शब्दाचा सरळ अर्थ खुशीचा लेख, संमतीपत्र. जमीनमहसुलाच्या जुन्या व्यवहारात जमीन सोडणारा खातेदार राजीनामा लिहून देई आणि घेणारा कबुलायत लिहून देई. मी राजी आहे, असे लिहून देणाऱ्यांपैकी कितीजण खरोखर राजी होते, हे त्या दप्तरांतून कळणे नाही. सारा थकलेला, सावकाराने वेढलेला शेतकरीही राजीनामाच लिहून देई. आज पदावरून दूर केला जाणारा अधिकारीही राजीनामाच देतो. पीटरबरोच्या महंताने ११३२ मध्ये जे केले, त्याला मराठीत ह्याहून चपखल शब्द सापडावयाचा नाही.

येणेप्रमाणे ‘गिव्ह अप्’ ह्या दोन लहान शब्दांची कुळकथा पाहिली असता त्यात मनुष्यस्वभावाचा एक जुना संकेत आढळतो. हरलेल्याचा मान राहावा आणि जिंकलेल्याचा हक्क पक्का व्हावा, ह्या दोन्ही गरजा भागविण्यासाठी भाषा घेण्याला देण्याचे नाव देते. त्यात काही वेळा दयाही असते. शत्रूला उघड उघड लुटले न म्हणता त्याला ‘देणारा’ म्हणावे, ह्यात एक सभ्यता आहे. पण इतिहास वाचणाऱ्याने त्या सभ्यतेवर थांबता कामा नये. जेथे जेथे ‘दिले’, ‘सोडले’, ‘राजीनामा’ असे शब्द येतील, तेथे तेथे दोन प्रश्न विचारावेत. देणाऱ्यास न देण्याची मोकळीक होती काय? आणि जे दिले, ते देणाऱ्याचेच होते काय? सुर्जी-अंजनगावास पहिल्या प्रश्नाचे उत्तर तोफांनी आधीच देऊन ठेवले होते. दुसरा प्रश्न त्या छावणीत कोणी उच्चारलाही नाही.

शाळेतील मुलाने पुढे कधी ‘गिव्ह अप्’चे भाषांतर ‘वर देणे’ असे केले, तर त्याला हसावयाचे हसावे. पण मग त्यास जवळ बोलावून हेही सांगावे की, बाळ, ‘सोडून देणे’ हे उत्तर बरोबर आहे, मात्र कोणी सोडले, कोणासाठी आणि कोणाच्या धाकाने, हे त्या दोन शब्दांत कधीच लिहिलेले नसते. ते ज्याचे त्याने वाचावे लागते.